जेवून मागावर बसायचं नाही

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे सांगताना मान खाली घालायची पद्धत आहे, पण मला ती जमत नाही. माझ्या आजोबांना सही येत नव्हती. वडिलांना यायची, पण ती करताना त्यांची जीभ दातांत धरलेली असायची. आणि मी बी.ए. झालो, सेकंड क्लासमध्ये. मग नोकरी लागली, घर झालं, सगळं झालं. पण माझ्या शिक्षणाचा सगळ्यात मोठा उपयोग कोणता झाला असं कोणी विचारलं, तर मी नोकरी सांगत नाही. मी सांगतो की मी माझ्या बापाच्या छातीतली जळजळ थांबवली. लोक हसतात. हसू देत.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. इतवारीच्या मागे विणकरांची वस्ती, तिथे आमचं घर. पुढच्या खोलीत दोन हातमाग, दोन्ही खड्ड्याचे. जमिनीत कंबरभर खड्डा असतो, विणकर त्याच्या काठावर बसून पाय आत सोडतो आणि पायांनी पट्ट्या दाबत पुढे वाकून आडवं सूत नेणारा धोटा फेकतो. विणलेलं कापड ज्या लाकडी दांड्यावर गुंडाळलं जातं, तो दांडा बरोबर पोटासमोर असतो. वाकलं की पोटाला टेकतो. माझ्या वडिलांच्या पोटावर त्या दांड्यानं एक आडवा काळपट पट्टाच पडला होता. लहानपणी मला वाटायचं, सगळ्याच बापांना तो असतो.

एका मागावर व्यापाऱ्याचं काम चाले. दुसरा आजोबांचा, तो बहुतेक रिकामा असे. त्या वर्षी दसऱ्याला पूजा करून वडिलांनी त्या दुसऱ्या मागावर ताणा, म्हणजे उभं सूत, चढवला. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न मार्गशीर्षात ठरलं होतं, कामठीच्या घरी. आमच्या घरची रीत अशी की मुलगी बोहल्यावर उभी राहते ती बापानं विणलेल्या लुगड्यात. विकत घेतलेल्यात नाही, आणि भावाने किंवा काकाने विणलेल्यातही नाही. नऊ वार, म्हणजे अठरा हात, रेशमी काठाचं. आत्याला आजोबांनी विणून दिलं होतं. ते ती जाईपर्यंत तिच्या पेटीत होतं आणि तिच्याबरोबरच गेलं.

सकाळचा वेळ व्यापाऱ्याचा, कारण पोट त्यावर. म्हणून लुगडं दुपारी विणायचं ठरलं. बारा वाजता वडील हात धुऊन पाटावर बसत. तीन भाकरी, वांग्याचा नाहीतर बेसनाच्या पाटोडीचा तर्री आलेला रस्सा, वर कच्चा कांदा. वीस मिनिटांत ताट साफ. तोंडात तंबाखू टाकली की उठून सरळ बहिणीच्या लुगड्यावर. आणि अर्ध्या तासात त्यांचा हात थांबे. धोटा मांडीवर ठेवून ते छाती चोळत. आंबट पाणी घशाशी येई, डोळ्यांत पाणी येई. मग माय न सांगता पेल्यात खायचा सोडा घालून आणी. तो पिऊन मोठी ढेकर येई, वडील म्हणत, "हं, मोकळं झालं," आणि पुन्हा वाकत. पुन्हा अर्ध्या तासात तेच.

जळजळ जुनीच होती, पण आता तिला तारीख लागली होती. दहा दिवसांत लुगडं दीड हात झालं. अठरापैकी दीड. बहीण रोज संध्याकाळी येऊन वितीनं मोजायची आणि काही न बोलता आत जायची.

"मी बसतो बाबा," मी एकदा म्हणालो. मला विणता येत होतं, लहानपणापासून शिकलेलो.

"नाही गा. हात बदलला का कापड बोलते. तिची सासू विणकराच्या घरची हाय. बोट फिरवून सांगन, इथून बापाचा हात सुटला म्हणून."

छातीचा मामला म्हणून मी त्यांना रामदासपेठेत एका डॉक्टरांकडे घेऊन गेलो. सायकलवर डबलसीट, वडील मागे धोतर सावरत. डॉक्टरांनी नळी लावली, बरंच काही विचारलं आणि म्हणाले, "हृदय ठणठणीत आहे. हे पित्त आहे. औषध देतो, पण औषधानं दबेल. सवयी बदला." बाटली दिली, आठ दिवसांची. कोणत्या सवयी, हे मी विचारलं नाही. मी बी.ए. होतो ना. मला वाटलं, मला कळलं.

घरी येऊन मी जाहीर केलं की तिखट बंद.

माझी ही चूक होती आणि ती मी सबंध आठवडा केली. मिरची-तेल बंद, कांदा बंद, नुसतं वरण-भात आणि ताक. वडील ताटाकडे असे बघत, जसं कोणी त्यांना मापात कमी सूत दिलं आहे. माय तर माझ्याशी सरळ बोलेनाशी झाली.

"पंचवीस वर्स माह्या हातचा रस्सा खाल्ला ह्या माणसानं," ती चुलीकडे तोंड करून म्हणायची. "तवा कोनी मेलं नाही. आता पोट्टा बी.ए. झाला, तं माय इख घालते म्हने."

"मी असं कुठं म्हटलं वं, माय?"

"म्हनाले कायले पाह्यजे? ताट बोलून राहिलं ना."

आणि आठ दिवसांनी, डॉक्टरांची बाटली संपल्यावर, दुपारी साडेबाराला, वरण-भात खाऊन वडील मागावर बसले आणि एकच्या ठोक्याला धोटा मांडीवर. तीच जळजळ, तसूभर कमी नाही.

शेजारी वडिलांचे दोस्त राहत, तेही विणकर. आम्ही त्यांना काका म्हणत असू. त्यांचा माग भिंतीपलीकडे, त्यामुळे आमच्या घरातली प्रत्येक ढेकर त्यांना ऐकू जायची. ते ओसरीवरून ओरडले, "काय गा बी.ए., पुस्तकात ढेकरीचा धडा नव्हता का?"

वडील हसले. मला ते हसणं फार लागलं. पण खरं सांगतो, काका बोलले नसते तर मी तिथेच सोडून दिलं असतं.

मग दिवाळी आली. अमावस्येला आमच्याकडे माग बंद असतो, त्याला हात लावायचा नाही. लक्ष्मीपूजनाचा दिवस, तिखट सोडल्याचा राग काढावा तसं मायनं त्या दिवशी सगळं केलं. पाटोडीचा लाल रस्सा, भजी, चकल्या, अनारसे. वडिलांनी आठ दिवसांचा उपास फिटल्यासारखं खाल्लं. मी मनात म्हटलं, आज काही खरं नाही. सोड्याचा पेला मी स्वतः भरून फडताळात ठेवला.

जेवून वडील उठले. माग बंद, करायचं काय? टोपी घातली आणि महाल भागात त्यांच्या मावसभावाकडे फराळाचं द्यायला चालत गेले. चार वाजता परत आले. मी दारातच उभा.

"जळजळ?"

"कायची?" ते म्हणाले.

त्यांना आठवणही नव्हती. सोड्याचा पेला फडताळात तसाच राहिला. संध्याकाळी मायनं तो मोरीत ओतला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर वळवली. रस्सा सुटला होता, निर्दोष.

त्या दिवशी मी ओसरीवर बसून विचार करत राहिलो. कॉलेजात मी इतिहास घेतला होता, विज्ञान नाही. पण आमचे इतिहासाचे सर एक गोष्ट नेहमी सांगत, की दोन साक्षी उलट असल्या तर कोण खरं बोलतं ते नंतर बघा, आधी दोन्हींत फरक कशाचा ते शोधा. वरण-भाताच्या दिवशी जळजळ. भजी-रस्स्याच्या दिवशी नाही. फरक जेवणाचा नव्हता, तो उलटाच होता. फरक जेवणानंतरचा होता. एका दिवशी माग होता, एका दिवशी नव्हता.

मी हे वडिलांना सांगितलं आणि पुन्हा चूक केली. सरळ म्हणालो, "बाबा, हे मागामुळे आहे."

त्यांचा चेहरा उतरला. "मागाले नाव नको ठेवू. त्याच्यावरच तू शिकला."

आधी मायच्या चुलीला दोष दिला होता, आता बापाच्या मागाला. घरात दोनच देव आणि मी दोघांनाही हात लावला. म्हणून मी बोलणं बंद केलं आणि दुसऱ्या दिवशी वेगळंच केलं. पाडवा होता, पण व्यापाऱ्याचं काम निघालंच होतं. बाराला मी वडिलांच्या शेजारी पाट मांडला, त्यांच्याएवढ्याच तीन भाकऱ्या खाल्ल्या, त्यांच्याएवढाच रस्सा, आणि पायजम्याची नाडी करकचून बांधून व्यापाऱ्याच्या मागावर जाऊन बसलो. वडील म्हणाले, "काहून गा?"

"तुम्ही लुगडं विणा. मी इकडे वीतभर विणतो. जाडंभरडं आहे, हात बदलला तरी कोणाला कळणार नाही."

मी एकवीस वर्षांचा होतो. पित्त म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं, दगड खाल्ला तरी पचायचा. पंधरा मिनिटं झाली. दांडा पोटात रुतत होता. वाकलं की भाकरी वर सरकत असल्यासारखी वाटे. पाऊण तासानं छातीच्या हाडामागे कोणी निखारा ठेवावा तसं झालं आणि तोंडात आंबट पाणी आलं. मी धोटा मांडीवर ठेवला आणि छाती चोळायला लागलो.

समोरच्या मागावर वडीलही छाती चोळत होते. बाप आणि लेक, दोन मागांवर समोरासमोर, दोघांचे हात छातीवर. वडिलांनी मला पाहिलं आणि इतके हसले, इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"वा रे बी.ए.! तुले बी?"

भिंतीपलीकडून काका ओरडले, "काय झालं बे?"

"पोट्ट्याले पित्त झालं!" वडील ओरडले. मग हसता हसता थांबले. माझ्याकडे बघत राहिले. माझ्या पोटाकडे, दांड्याकडे, मग स्वतःच्या पोटाकडे.

"म्हंजे हे मागाचंच हाय," ते हळूच म्हणाले.

"मागाचं नाही बाबा. वेळेचं आहे. भरल्या पोटी वाकलं की वर येतं. रिकाम्या पोटी तुम्ही सकाळभर वाकता, तेव्हा कुठं जळते?"

माय दारात उभी होती, पदराला हात पुसत. ती म्हणाली, "मी काय वीस वर्सापासून उगीच म्हनून राहिली का? जेवल्यावर जरा फिरून या जी, जरा फिरून या. शतपावली म्हनते लोक. माहं कोनी आयकलं? मी बी.ए. नाही ना."

वडिलांनी खड्ड्यातून पाय वर घेतले आणि टोपी शोधायला लागले.

पण एक अडचण होती. जेवल्यावर दीड तास मागावर बसायचं नाही म्हटलं, तर तो दीड तास आणायचा कुठून? लग्नाला पाच आठवडे, लुगड्याचे पंधरा हात बाकी, आणि दुपार तर लुगड्याचीच होती. वडील म्हणाले, "छाती वाचवू का लुगडं?" ते चिडून नाही, खरंच विचारत होते.

ते उत्तर मी शोधलं नाही, ते आपोआप सापडलं. रात्री जळजळीमुळे त्यांची झोप मोडायची, म्हणून पहाटे ते जडावलेले असत आणि सहाशिवाय उठत नसत. मी ठरवलं की रात्रीचं जेवणही अलीकडे ओढायचं. आमच्याकडे नऊला जेवून लगेच खाटेवर पडायची सवय. माय दिवेलागणीला ताट वाढू लागली. तीन भाकऱ्यांच्या दोन केल्या, उरलेली एक दुपारी चारला ताकाबरोबर. धोतराची गाठ जेवताना सैल करायची. पहाटेचा कोरा चहा रिकाम्या पोटी नाही, आधी शिळ्या भाकरीचा तुकडा. सोड्याचा डबा मायनं माळ्यावर टाकला. तंबाखू मात्र सुटली नाही, खोटं कशाला सांगू. निम्मी झाली.

आणि त्यांच्या खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली मी दोन-दोन विटा ठेवल्या. हे डॉक्टरांनीच सांगितलं, कारण मी पुन्हा सायकल काढून त्यांच्याकडे गेलो आणि ह्या वेळी विचारलं. विटा बघायला काका मुद्दाम आत आले.

"हे काय गा? बापाले मागं कललेल्या उलाळ गाडीत झोपवून राहिला का?"

पहिल्या दिवशी वडील सकाळपर्यंत घसरत खाटेच्या पायथ्याशी पोचले आणि पाय भिंतीला लावून झोपलेले सापडले. काकांनी ते वस्तीभर केलं. दुसऱ्या दिवशी मायनं अंथरुणाखाली गोणपाट घातलं, मग घसरणं थांबलं.

पाचव्या की सहाव्या दिवशी मला खटखट ऐकू आली. बाहेर अजून अंधार होता. पुढच्या खोलीत दिवा लावून वडील आजोबांच्या मागावर बसले होते, लुगड्यावर. चार वाजताच डोळा उघडला म्हणाले, आणि अंग हलकं. चार ते सात लुगडं. मग बारापर्यंत व्यापारी. मग जेवण, मग टोपी घालून गोळीबार चौकापर्यंत चालत जाणं आणि परत. परत आल्यावर उभ्यानं सुताची जुळवाजुळव. मग दोननंतर, पोट बसल्यावर, पुन्हा व्यापाऱ्याचं उरलेलं. धोट्यात बसणाऱ्या सुताच्या कांड्या भरायचं काम मी आणि बहिणीनं घेतलं, त्याला हात बदलल्याचं भय नाही. नवरी मुलगी स्वतःच्या लुगड्याच्या कांड्या भरते हे बघून वस्तीतल्या बायका हसायच्या. ती म्हणायची, "हसा वं. तुमचे लुगडे दुकानातले होते."

पहाटेचा माग थांबत नसे. थांबवणारी जळजळच नव्हती. दुपारी तीन तास बसून वडील चार बोटं विणत, ते आता पहाटेच्या तीन तासांत हातभराच्या आसपास जाऊ लागले. काठ अंगठ्याच्या नखासारखा गुळगुळीत येत होता. बहीण संध्याकाळी मोजायला यायची ती आता आकडा मोठ्यानं सांगायची. सात. नऊ. साडेअकरा. काका भिंतीपलीकडून विचारायचे, "आज किती?" आणि एक दिवस तेही टोपी घालून वडिलांबरोबर चौकापर्यंत निघाले. नुसतीच सोबत म्हणून, असं म्हणाले. पुढच्या आठवड्यात त्यांच्या खाटेखाली मला विटा दिसल्या. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर ते माझ्यावरच उलटलं असतं, आणि जिंकलेल्या माणसानं गप्प बसावं.

लग्नाच्या सहा दिवस आधी लुगडं अठरा हात पुरं झालं. मागावरून कापायच्या वेळी वडिलांनी सगळ्यांना बोलावलं. कात्री बहिणीच्या हातात दिली. तिनं कापलं. दांड्यावरून कापड उलगडताना ते इतकं येत राहिलं, येत राहिलं की माय रडायला लागली. वडिलांनी एक टोक धरलं, मी दुसरं, आणि ओसरीभर पसरलं. सुरुवातीचे तीन हात जरा ओढलेले होते, मला माहीत होतं म्हणून दिसले. तिथे त्यांची छाती जळत होती. पुढचे पंधरा पाण्यासारखे.

लग्नात कामठीच्या विहीणबाईंनी खरंच बोट फिरवलं. मांडवात, सगळ्यांसमोर, काठावरून पदरापर्यंत. त्या म्हणाल्या, "एकाच हातचं हाय जी." वडिलांनी नुसती मान हलवली, पण त्यांचे कान लाल झाले होते.

मग पंगत बसली. लग्नातला आग्रह तुम्हाला ठाऊक आहे. काका स्वतः जिलबीचं ताट घेऊन वडिलांसमोर उभे. "घे गा, पोरीचं लगन हाय!" वडिलांनी ताटावर आडवा हात धरला. दोन जिलब्या खाल्ल्या, तिसरी नाही. उठले, चूळ भरली, टोपी सारखी केली आणि मांडवाच्या कडेनं चालायला लागले.

व्याही शेजारच्या पंगतीत बसलेले. जाडजूड गृहस्थ, जेवून तिथेच लवंडायच्या बेतात, हात छातीवर.

"कुठं चालले व्याहीबुवा?" त्यांनी विचारलं. "बसा ना. पान घ्या."

"चार पावलं टाकून येतो. तुमच्या छातीत जळजळ होते का जी?"

"होते तं! वर्सानुवर्साची. तुमाले कसं माहीत?"

वडील थांबले. वस्तीतली पन्नास माणसं ऐकत होती. आणि ज्या बापानं मला वर्षभर 'बी.ए.' म्हणून चिडवलं, तोच बाप सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "माहा पोरगा बी.ए. हाय. त्यानं पुरं शोधून काढलं. तुमी उठा, मी सांगतो."

व्याही उठले. काकाही जिलबीचं ताट कोणाच्या तरी हातात देऊन निघाले. तिघेही टोप्या सारख्या करत मांडवाला फेरी घालायला लागले. दुसऱ्या फेरीला वडिलांनी वळून मला हाक मारली.

"तू कायले बसला गा? तुहं बी जेवन झालं ना? चाल."